खेळाचा संगणक घरी जोडताना



सुगी संपते, सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि घरोघर एक बैठक भरते. कोणाला गोठ्यावर पत्रे टाकायचे असतात, कोणाला धाकटीच्या शिक्षणाची सोय करायची असते. अशा वेळी घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हळूच म्हणतो, "बाबा, मला कॉम्प्युटर पाहिजे. गेम खेळता येतील असा." बाबांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुलगा लगेच पुढे म्हणतो, "तयार घेतला तर महाग पडेल. सुटे भाग आणून मी घरीच जोडीन." बाबांना भागही ठाऊक नसतात आणि जोडणीही. मग ते शाळेत जाऊन गुरुजींना गाठतात, आणि गुरुजीही विचारात पडतात. आजचं हे बोलणं या तिघांसाठी आहे.

खेळ खेळावेत की नाहीत, हा वाद आपण घटकाभर बाजूला ठेवू. प्रश्न कष्टाच्या पैशाचा आहे, आणि तो दोन चुकांनी वाया जातो. पहिली चूक म्हणजे दुकानात जे आकडे मोठे दिसतात त्यांच्यामागे धावणं. दुसरी म्हणजे जो भाग डोळ्यांना दिसत नाही त्यात काटकसर करणं. या दोन चुका टाळल्या तर बेताच्या पैशांत चांगलं यंत्र उभं राहतं.

पहिला प्रश्न दुकानदाराला नव्हे, मुलालाच विचारावा: खेळ कोणता, आणि पडदा केवढा? पडद्यावरचं चित्र ही ठिपक्यांची रांगोळीच असते. नेहमीच्या पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळ सुरळीत दिसायला ही रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून पुन्हा काढावी लागते. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांवर ठिपके रंगवायचे. आता कोणी म्हणेल, "घ्यायचाच तर 'फोर के' पडदा घेऊ." त्यात ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात. रुंदी दुप्पट, उंची दुप्पट आणि काम बरोबर चौपट! काम चौपट झालं की ते करणारं यंत्रही त्या मानानं महाग होतं. नाकापेक्षा मोती जड होऊ द्यायचा नसेल, तर बेताच्या पैशांत १९२० गुणिले १०८० चाच पडदा ठरवावा.

खेळांतही हलके-भारी असतात. माइनक्राफ्ट किंवा व्हॅलोरंट यांना साधं यंत्र पुरतं. उलट २०२० साली आलेल्या सायबरपंक २०७७ सारख्या खेळाची भूक मोठी. प्रत्येक खेळाचे निर्माते किमान गरजांचा आणि शिफारशीचा असे दोन तक्ते देतात. मुलाच्या आवडीच्या दोन-तीन खेळांचे हे तक्ते वहीत उतरवून घ्यावेत. ती वही खिशात असल्याशिवाय बाजाराची एस. टी. धरू नये.

आता यंत्राच्या आत डोकावू. खेळ चालवायला दोन कामकरी लागतात. एक प्रोसेसर, दुसरं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर म्हणजे मुकादम. शत्रू कुठे आहे, गोळी लागली की चुकली, पुढे काय घडायचं, हा सगळा विचार तो करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे भातलावणीची टोळी. विचार थोडा, पण हात पुष्कळ. प्रमाण पाहा. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरात विचार करणारी केंद्रं सहा. रेडिऑन आरएक्स ६६०० या बेताच्या किमतीच्या कार्डात रंगवणारे लहान घटक १७९२! लाखो ठिपके रंगवायचे म्हणजे पुष्कळ हातच हवेत. म्हणून खेळाच्या संगणकात सर्वांत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि तो तिथेच जायला हवा.

पण म्हणून मुकादम अगदीच मंद घेऊन चालत नाही. विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर बसवली आणि तिला एक इंची पाईप जोडला, तर शेताला पाणी पाईपाच्या मापानंच मिळतं. इथेही तसंच होतं. महागडं कार्ड आणि कमकुवत प्रोसेसर असला, की कार्ड हातावर हात ठेवून बसून राहतं. उलट केलं तर प्रोसेसर बसून राहतो. दोन्ही बैल एका ताकदीचे असले तरच गाडी नीट चालते.

मग पैशाची वाटणी कशी करावी? भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून मी रुपयांचे आकडे सांगत नाही, आण्यांत सांगतो. १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे मागे पडले, पण "सोळा आणे खरं" असं आपण अजूनही म्हणतोच. तेव्हा भागांसाठी ठरवलेली रक्कम सोळा आणे समजा. त्यातले सहा आणे ग्राफिक्स कार्डाला, तीन आणे प्रोसेसरला आणि दोन आणे मदरबोर्डाला द्यावेत. दीड आणा मेमरीला, म्हणजे रॅमला. दीड आणा पॉवर सप्लायला. एक आणा साठवणीच्या एसएसडीला आणि एक आणा कॅबिनेटला, म्हणजे पेटीला. झाले सोळा. पडदा, कळफलक आणि माऊस यांचा हिशेब वेगळा धरावा. विंडोज वापरायचं तर तिच्या परवान्याचे पैसेही आधीच बाजूला काढावेत. ही वाटणी वेदवाक्य नव्हे. २०२५ सालाच्या उत्तरार्धात जगभर मेमरीचे भाव चढले, तेव्हा दीड आण्यात मेमरी येईनाशी झाली. असं झालं तर कार्डातून किंवा प्रोसेसरातून थोडं काढून इकडे द्यावं. पॉवर सप्लायच्या वाट्याला मात्र हात लावू नये. त्याचं कारण पुढे येईलच.

आता एकेक भाग घेऊ. ग्राफिक्स कार्ड घेताना नावावर भुलू नये. जीफोर्स आरटीएक्स ३०५० याच नावाखाली २०२२ साली आठ जीबी मेमरीचं कार्ड आलं, आणि २०२४ साली सहा जीबीचंही आलं. फरक केवळ दोन जीबींचा असेल, असं वाटतं ना? तसं नाही. पहिल्यात रंगवणारे घटक २५६० आहेत, दुसऱ्यात २३०४. मेमरीकडे जाणारी वाटही पहिल्याची १२८ बिटांची, तर दुसऱ्याची ९६ बिटांची. दुसरं कार्ड वाईट आहे असं मुळीच नाही. ते वीज कमी घेतं आणि काही ठिकाणी तेच योग्य ठरतं. पण एका नावाखाली दोन माल असतात, हे गिऱ्हाइकाला ठाऊक हवं. नव्या भारी खेळांसाठी कार्डावरची मेमरी शक्यतो आठ जीबी असावी.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर अवश्य पाहावं. इंटेलच्या कोअर आय-३ १२१००एफ मधला 'एफ' सांगतो, की याच्या पोटात चित्र काढण्याची सोय नाही. वेगळं कार्ड लागेलच. रायझन ५ ५६०० मध्येही ती सोय नाही. मात्र ५६००जी मधला 'जी' सांगतो, की चित्राची सोय आतच आहे. एका अक्षराची चूक झाली, तर सगळं जोडूनही पडदा काळाच राहतो.

मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणारी पाटी. नटाला बोल्ट मापाचा लागतो, तसंच प्रोसेसरचं आणि हिच्या बैठकीचं माप जुळावं लागतं. २०१७ साली रायझन प्रोसेसर आले ते एएम-४ या बैठकीवर. २०२२ साली एएम-५ आली. एकीचा प्रोसेसर दुसरीवर बसत नाही. मेमरीचंही तसंच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ यांची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलं तर मोडतोड होईल, मेमरी बसणार नाही. एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. इंटेलच्या बाराव्या पिढीचे मदरबोर्ड मात्र दोन्ही तऱ्हांचे निघाले, म्हणून खोक्यावर वाचूनच घ्यावा. आणखी एक गोष्ट. जुना एएम-४ मदरबोर्ड आणि नंतरचा ५००० मालिकेतला प्रोसेसर घेतला, तर मदरबोर्डातली मूळ आज्ञावली, म्हणजे बायोस, आधी नवी करून घ्यावी लागते. दुकानदाराकडून ती तिथेच करून घ्यावी.

मेमरी सोळा जीबी असली म्हणजे ठीक. पण सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात. रहाटाला एकाऐवजी दोन पोहरे असावेत, तसं हे आहे. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माल येतो. चार खाचांच्या मदरबोर्डावर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. माहितीपुस्तिकेत त्याचं चित्र असतं, ते पाहावं.

साठवणीसाठी आता फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मुख्य म्हणून घेऊ नये. २०२३ साली सायबरपंकच्या निर्मात्यांनी आपल्या किमान गरजांतून हार्ड डिस्क काढून टाकली आणि एसएसडीवर ७० जीबी जागा सांगितली. असे चार-पाच खेळ ठेवायला ५०० जीबीची एसएसडी पुरते. इथे खेड्यातल्या माणसानं आणखी एक हिशेब करावा. मोबाईलवर रोज दोन जीबी मिळत असतील, तर ७० जीबीचा खेळ उतरवायला पस्तीस दिवस लागतील! जोडणीपूर्वी या गोष्टीचाही विचार व्हावा.

आता पॉवर सप्लायकडे येऊ. बाजारात याला एसएमपीएस म्हणतात. हा डबा पेटीच्या कोपऱ्यात दडलेला असतो, तो चित्र काढत नाही की विचार करत नाही. म्हणून पुष्कळजण इथेच पैसे वाचवतात. काही स्वस्त पेट्यांबरोबर तर तो फुकटच मिळतो. पण भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टची करून सगळ्या भागांना पाजणारा हाच. हा बिघडला तर एकटा मरेल असं नाही. जाताना मदरबोर्ड आणि कार्ड यांनाही घेऊन जाऊ शकतो. याला म्हणतात स्वस्त ते महाग.

याची परीक्षा कशी करायची? एक सोपा गुणाकार आहे, आठवीच्या मुलालाही येईल. डब्यावरच्या चिठ्ठीत १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावं आणि त्याला बारानं गुणावं. कार्ड आणि प्रोसेसर आपली वीज मुख्यतः याच रकान्यातून घेतात. समजा, वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलंय आणि खाली अँपिअर आहेत १८. बारा अठ्ठे... नाही, बारा गुणिले अठरा, २१६! मग उरलेले वॅट खेळाच्या कामाचे नाहीत. खरी गरज किती, तेही मोजू. आरएक्स ६६०० कार्डाला १३२ वॅट, रायझन ५६०० ला ६५ किंवा त्याहून थोडे अधिक, आणि बाकीच्यांना मिळून पन्नास धरा. बेरीज झाली अडीचशेच्या घरात. थोडी मोकळीक ठेवून ४५० ते ५५० वॅटचा, नामांकित कंपनीचा डबा पुरे. हजार वॅटचा घेण्याचं कारण नाही. '८० प्लस' या खुणेचा अर्थ एवढाच, की त्यात वीज उष्णतेत कमी वाया जाते. ती असावी, पण अँपिअरचा गुणाकार चुकवू नये.

कॅबिनेटवर काचा आणि रंगीत दिवे नसले तरी चालेल. पुढून वारा आत आणि मागून बाहेर, असा रस्ता मात्र हवा. धुळीच्या गावात पुढे जाळी असावी, आणि ती महिन्यातून एकदा झाडावी.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, सोळा आणेच जमत नाहीत. दहाच आहेत." तर मार्ग आहे. कार्ड सध्या घेऊच नये. एएम-४ वरचा ५६००जी किंवा एएम-५ वरचा ८६००जी यांसारखा, चित्राची सोय पोटात असलेला प्रोसेसर घ्यावा. हलके खेळ त्यावर चालतात. हे प्रोसेसर चित्रासाठीही हीच मेमरी वापरतात, म्हणून इथे दोन पट्ट्या हव्यातच. पॉवर सप्लाय मात्र आजच चांगला घ्यावा, म्हणजे पुढच्या सुगीला त्याच यंत्रात कार्ड बसवता येईल. घर एका खोलीचं बांधलं तरी पाया दोन खोल्यांचा घालावा, तसं हे आहे. कार्डासाठी कर्ज काढण्यापेक्षा एक सुगी थांबणं केव्हाही चांगलं.

दुसरा मार्ग जुन्या मालाचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कचेऱ्यांतून काढलेले संगणक मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, अधिकृतपणे स्वीकारत नाही. तेव्हा पिढी पाहून घ्यावी. कचेरीच्या संगणकाचा पॉवर सप्लाय लहान असतो, म्हणून वेगळी वीजवायर न मागणारं कार्डच त्यात घालावं. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा जीबीचं आरटीएक्स ३०५० त्यात भागतं. आणि पेटी बुटकी असेल तर कार्ड उंचीत बसेल की नाही, ते मोजावं.

जुन्या कार्डाचीही एक कथा आहे. इथेरियम या आभासी चलनासाठी पुष्कळ कार्डं रात्रंदिवस राबवली जात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचं ते काम संपलं आणि त्यांतली बरीच जुन्या बाजारात उतरली. राबलेला बैल निकामीच असतो असं नाही, पण चालवून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही. कार्डावर अर्धा तास भारी खेळ चालवून दाखवायला सांगावं. पंखा खरखरत नाही, पडद्यावर ठिगळं उमटत नाहीत आणि यंत्र बंद पडत नाही, हे पाहून मगच पैसे मोजावेत. नव्या मालाचं पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. हमीच्या मुदतीत तोच कामी येतो.

यंत्र घरी आलं, तरी खटका दाबण्याची घाई करू नये. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. तीन पिनांच्या बोर्डात तिसऱ्या भोकाला तार जोडलेलीच नाही, असं पुष्कळ घरांत आढळतं. मग पेटीला हात लावला की मुंग्या येतात. हा जिवाचा प्रश्न आहे. इथे काटकसर नाही. वीज अचानक जात असेल तर यूपीएस घ्यावा. त्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं, पण ते ६०० वॅट नव्हेत. असा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. आपलं यंत्र आणि पडदा मिळून भर खेळात तीनशेच्या पुढे जातात. म्हणून हजार व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा, आणि त्यावरचे वॅट वाचून घ्यावेत. वीज गेल्यावर खेळ चालू ठेवायला तो नसतो, यंत्र नीट बंद करायला असतो.

जोडताना टेबल कोरडं असावं, वायर भिंतीतून काढलेली असावी, आणि प्रत्येक भाग उचलण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. प्रोसेसर आपल्या वजनानं बैठकीत बसला पाहिजे. दाबला तर पिना वाकतात. आणि शेवटची चूक, जी शहाण्यासुरत्या माणसांकडूनही होते: पडद्याची वायर मदरबोर्डाला न जोडता ग्राफिक्स कार्डाला जोडावी. नाहीतर सहा आणे खर्चून घेतलेली ती टोळी बांधावर बसून राहील, आणि मुलगा म्हणेल की दुकानदारानं फसवलं.

शिक्षकबंधु-भगिनींनो, या सगळ्यात तुमचा भाग मोठा आहे. गुणाकार, वॅट, व्होल्ट आणि अँपिअर हे पुस्तकातले शब्द इथे एका मुलाच्या हौसेला येऊन भिडतात. त्याला यादी करून देऊ नका, ती त्यालाच करू द्या आणि प्रत्येक भागापुढे "हाच का?" एवढं विचारा. ज्याला सातही भागांचं उत्तर देता येईल, त्याच्या हाती पैसे द्यायला बाबांनी भिऊ नये. आणि ज्या यंत्रावर संध्याकाळी खेळ चालतो, त्यावरच सकाळी अभ्यास होतो आणि बाबांचा जमाखर्चही मांडता येतो. वेळेचा नियम मात्र यंत्र आणण्याआधी ठरवावा. आणल्यानंतर तो ठरत नाही.